‘वर जाणे’ : काही मराठी क्रियापदांचा विचार

गतवर्षी नववीच्या वर्गात भाषांतराच्या तासाला मी फळ्यावर सात लहान इंग्रजी वाक्ये लिहिली. कर्ते सात निरनिराळे होते : सूर्य, समुद्राची भरती, चुलीचा धूर, बाजारातील भाव, पावाचे पीठ, पुराचे पाणी आणि सभेत बोलावयास उभा राहणारा मनुष्य. क्रियापद मात्र सातही ठिकाणी एकच, ‘राइझ’. मुलांनी कोश उघडले. ‘उठणे, चढणे, उगवणे, वाढणे, वर येणे’ अशी पाच-सहा क्रियापदांची रांग त्यांस एकाच शब्दापुढे मिळाली आणि ज्याच्या हाती जे लागले ते त्याने उचलले. संध्याकाळी वह्या तपासावयास बसलो, तेव्हा एका वहीत सूर्य उठला होता, दुसरीत पीठ चढले होते, आणि एका विद्यार्थ्याच्या वहीत तर सारी नदीच उभी राहिली होती.

हसून सोडून द्यावे असे हे नव्हते. यांपैकी एकही मुलगा घरी तसे बोलत नाही. आईने पीठ झाकून ठेवले असता ‘पीठ चढले का?’ असे तो कधी विचारणार नाही. तोंडी जो शब्द बिनचूक येतो, तो कागदावर का चुकावा? मला वाटते, कोश शब्द देतो, पण त्या शब्दाची सोबत देत नाही. कोणते क्रियापद कोणाच्या घरचे, हे बोलणाऱ्यांच्या जिभेला ठाऊक असते. लिहिताना आपण जिभेस गप्प बसवून कोशाला विचारतो.

दुसऱ्या दिवशी मी एक निराळा प्रश्न विचारला. ‘या वस्तू वर कशा जातात ते राहू द्या. त्या खाली कशा येतात ते सांगा.’ वर्गातून उत्तरे थांबल्यावाचून आली. सूर्य मावळतो. भरती ओसरते. भाव उतरतो. पीठ बसते. पुराचे पाणी उतरते. मनुष्य खाली बसतो. फक्त धुराशी वर्ग अडला, कारण धूर खाली येतच नाही, तो विरतो. ही उत्तरे मिळताच पहिल्या दिवशीची चूक मुलांनी आपली आपणच दुरुस्त केली. जे मावळते ते उगवलेले असते. जे उतरते ते चढलेले असते. जो मनुष्य बसतो तो उठलेला असतो. विद्यार्थिमित्रांनो, ‘वर’ या दिशेच्या क्रियापदाविषयी शंका आली, तर आधी ‘खाली’ची वाट पाहा. हा नियम सर्वत्र लागू पडतो असे नाही, व तो कोठे मोडतो ते पुढे सांगणारच आहे. पण दहांतून आठ वेळा तो हात देतो.

प्रथम ‘चढणे’ घेऊ. चढावयास आधार लागतो. पाडेली माडावर चढतो, कारण माडाच्या बुंध्याला खाचा आहेत. वेल मांडवावर चढते, कारण मांडव आहे. गाडी घाट चढते, कारण पायाखाली रस्ता आहे. पक्षी आकाशात चढत नाही, तो उडतो. म्हणून चढणाऱ्याची वाट पायरीपायरीची असते, आणि तीच वाट उलट चालली की ते उतरणे. ताप, आवाज, रंग, नशा, विष, भाव, ऊन ही सर्व डोळ्यांस न दिसणाऱ्या पायऱ्यांनी चढतात व त्याच पायऱ्यांनी उतरतात. आता भाव ‘वाढतो’ असेही आपण म्हणतो, मग दोहोंत भेद कोणता? चढलेला भाव उतरेल, ही आशा ‘चढणे’ या शब्दात शिल्लक असते. दोन दिवस होड्या समुद्रात गेल्या नाहीत म्हणजे बांगड्याचा भाव चढतो, व चौथ्या दिवशी उतरतो. कापडाचा, तांदळाचा भाव मात्र वाढतो. तो क्वचितच कोणी उतरलेला पाहिला असेल.

लबाडीने केलेल्या स्तुतीस ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ म्हणतात. आपल्याकडे हरभरा फारसा पिकत नसल्यामुळे यातील विनोद मुलांच्या ध्यानात येत नाही. हरभऱ्याचे झाड पुरते गुडघ्याइतकेही नसते. माडावर चढणाऱ्या गावच्या मुलाला कोणी त्यावर चढवू पाहत असेल, तर त्याने आधी झाड पाहून घ्यावे.

या ‘चढणे’चे घराणे शोधता एक गोष्ट नजरेस येते. आपले पुष्कळ शब्द संस्कृतापर्यंत नेऊन पोहोचवता येतात, परंतु ‘चढ’ हा प्राकृतातच भेटतो. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेले जैन पंडित हेमचंद्र यांनी आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृत भाषेचे नियम सांगितले आहेत. तेथे ते म्हणतात की, संस्कृतात ज्या अर्थी ‘आरुह्’ हा धातू येतो, त्या अर्थी प्राकृत बोलणारे ‘चड’ किंवा ‘वलग्ग’ म्हणतात. यांतील पहिला आपण आजही दिवसातून दहा वेळा उच्चारतो. दुसऱ्याशी नाते सांगणारे ‘वळघणे’ हे क्रियापद जुन्या मराठीत चढणे याच अर्थी होते. आज ते केवळ जुने ग्रंथ वाचणाऱ्यास भेटते. दोन भावांपैकी एक घरी राहिला आणि एक परागंदा झाला. का झाला, हे कोणास सांगता येणार नाही.

त्याहून नवल ‘उतरणे’ या शब्दाचे आहे. हा शब्द खाली येण्याचा. पण त्याच्या आरंभी बसलेला ‘उत्’ हा उपसर्ग वर जाण्याचा आहे! उदय, उन्नती, उत्कर्ष, उत्थान यांत जो ‘उत्’, तोच येथे. मग हा उलटा प्रकार झाला कसा? संस्कृतात ‘उत्तरति’ म्हणजे पाण्यातून वर निघतो, तरून पैलतीरी लागतो. आता आपल्या बंदरावर उभे राहून पाहा. होडी काठास लागते. माणूस पाण्यातून बाहेर, म्हणजे वर, येतो. पण त्याच क्षणी तो होडीतून खाली पायउतार होतो. एकच कृती, पाण्याकडून पाहिले तर वर जाणे, होडीकडून पाहिले तर खाली येणे. भाषेने पुढे होडीची बाजू धरली, आणि ‘उतरणे’ म्हणजे खाली येणे असे झाले. नदी जेथे पायी ओलांडता येते त्या जागेस ‘उतार’ म्हणतात आणि बोटीने प्रवास करणारा ‘उतारू’ होतो, त्यांत ती जुनी नदी अद्याप वाहते आहे. चढलेल्या विषावर वैद्य देतो तो ‘उतारा’, आणि तलाठ्याच्या दप्तरातून उतरवून आपल्या हाती येतो तोही उताराच. पालकांस दुसरा अधिक परिचयाचा असेल.

याच धातूपासून परीक्षेच्या निकालातील शब्द निघाला आहे. ‘उत्तीर्ण’ म्हणजे तरून पलीकडे पोहोचलेला. आपण परीक्षेस जिना समजतो, परंतु शब्द सांगतो की ती नदी आहे. जुन्या काळी शाळांत ‘मुलाला वर चढवला’ असा दुसरा प्रयोग चाले. कोणी पालक निकालाच्या दिवशी येऊन अजूनही म्हणतात, ‘गुरुजी, एवढ्या खेपेस त्याला वर चढवा.’ व्याकरणदृष्ट्या पाहता, ‘चढवला’ या शब्दात चढवणारा दुसराच कोणी असतो; ‘उत्तीर्ण झाला’ यात नदी ज्याची त्याने तरलेली असते. अशा पालकांस मी हा भेद प्रत्यक्ष समजावून सांगितलेला नाही. त्या दिवशी तो ऐकावयास कोणाचे मन जागेवर नसते.

‘उठणे’ या शब्दाची उत्पत्ती सरळ आहे. ‘उत्’ आणि ‘स्था’ मिळून ‘उत्थान’ होते. ते प्राकृताच्या तोंडी ‘उट्ठ’ झाले व मराठीत ‘उठ’ झाले. प्रार्थनेत ऐकू येणारे ‘पुनरुत्थान’ आणि घरात पहाटे आईच्या तोंडून ऐकू येणारे ‘ऊठ रे’ ही एकाच धातूची लेकरे होत. उठण्यास आधार लागत नाही. त्याआधी कोठेतरी स्वस्थ बसलेले वा निजलेले असणे मात्र लागते. उठणारा आपल्या जागेवरून हलतो एवढेच हा शब्द सांगतो. पुढे तो कोठे जातो याची हमी घेत नाही. म्हणून त्याची दोन तोंडे होतात. वादळ उठते, अफवा उठते, ओरड उठते, अंगावर गांधी उठतात. येथे काहीतरी सुरू झाले. उलट, पंगत उठते, बाजार उठतो, बिऱ्हाड उठते. येथे काहीतरी संपले. पंगतीतील माणसांनी जागा सोडली म्हणजे पंगत संपते, आणि स्वस्थ पडलेल्या वाऱ्याने जागा सोडली म्हणजे वादळ सुरू होते. शब्द एकच, कृतीही एकच. आरंभ की शेवट हे कोण जागा सोडतो त्यावर. मुंबईस गेलेल्या कुटुंबाच्या दाराला कुलूप पाहून शेजारी म्हणतात, ‘त्यांचे बिऱ्हाड उठले.’ या वाक्यातील ‘उठले’ किती जड आहे, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकास सांगावयास नको.

‘उगवणे’ हा शब्द सूर्य आणि बीज यांस एकत्र बांधतो. ‘उद्गम’ म्हणजे आतून बाहेर निघणे. तोच ‘उग्गम’ होऊन आपल्या ‘उगव’पर्यंत आला. जे आधी होतेच, पण झाकलेले होते, ते उगवते. पहिला पाऊस पडून तरवा रुजतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवे टोक दिसते, तेव्हा तो उगवला. सूर्यही तसाच, रात्री तो नाहीसा झालेला नसतो, केवळ दिसेनासा असतो. आपल्या किनाऱ्यावर तर हे अक्षरशः पटते. मालवणास सूर्य सह्याद्रीच्या आडून उगवतो आणि समुद्रात बुडतो. घाटावरच्या कवीने ‘दिवस बुडाला’ म्हटले तर तो अलंकार होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पश्चिम तटावर उभे राहून म्हटले तर ती वस्तुस्थिती. उगवण्याच्या बाबतीत मात्र माझा नियम अर्धाच टिकतो. सूर्य उगवतो व मावळतो. भात उगवते, पण ते मावळत नाही, पिकते. आणि ‘सूड उगवणे’ या प्रयोगास तर उलट जोडीदारच नाही.

निबंधात सूर्याचा ‘उदय’, राष्ट्राचा ‘उत्कर्ष’, समाजाची ‘उन्नती’ हे शब्द आपापल्या जागी शोभतात. एका विद्यार्थ्याने ‘कांद्याच्या भावाचा उत्कर्ष’ लिहिला होता, तेथे ते शोभत नाहीत. ‘उद्धार’ शब्द विशेष जपून वापरावा. त्याचा अर्थ वर उचलून काढणे. पण बाजारात कोणी कोणाच्या कुळाचा उद्धार करू लागला, तर तेथून निघून जावे हे बरे.

आता भरतीकडे वळतो. या शब्दापुढे मी स्वतः एकदा नापास झालो आहे.

मी जन्माने घाटावरचा. शिक्षण पुरे करून या किनाऱ्यावर प्रथम आलो, तेव्हा लोक विचारीत, ‘मास्तर, घाट कधी उतरलात?’ पहिल्याच वर्षी ‘सकाळची वेळ’ या विषयावर निबंध लिहावयास दिला. मच्छीमार वस्तीतील एका मुलाने पहिलेच वाक्य लिहिले : ‘भरती लागली आणि बाबांनी मला हाक मारली.’ मी ‘लागली’वर तांबडी काट मारून वर ‘आली’ असे लिहिले. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, फार तर बोट लागते म्हणजे मळमळते. भरती कशी लागेल? मुलगा काही बोलला नाही. पुढच्या निबंधात त्याने समुद्राचे नावही काढले नाही, हे मला तेव्हा खटकावयास हवे होते. पण खटकले नाही.

काही दिवसांनी त्याचे वडील फी भरण्यास आले. जाताना दाराशी थांबून त्यांनी त्या तांबड्या शाईचा विषय काढला. रागावून नव्हे, त्यांस खरोखरच जाणून घ्यावयाचे होते की पुस्तकी भाषेत त्या गोष्टीला काय म्हणतात. मी म्हटले, ‘भरती येते.’ ते किंचित हसले आणि म्हणाले, ‘मास्तर, भरती इली म्हणजे तुमचे पाय भिजले. ती लागता कधी, ता आमका कळाक व्हया.’

मग त्यांनी मला समजावून दिले. सुकतीचे पाणी उतरता उतरता एका क्षणी थांबते आणि उलट फिरते. काठावर उभ्या असलेल्या माणसास त्या वेळी काहीच दिसत नाही. वाळू तशीच उघडी असते. पण पाण्यात नांगरलेली होडी आपले तोंड फिरवू लागते, आणि पाण्यावर तरंगणारी काटकी बाहेर जात होती ती आत येऊ लागते. भरती लागली ती तेव्हा. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते; परतणाऱ्या होडीने हा क्षण ओळखून त्या वाळूवर पुरेसे पाणी केव्हा होईल याचा अंदाज बांधावयाचा असतो. अंदाज चुकला तर होडी वाळूवर बसते आणि लाटा तिला आडवी करतात. लागलेली भरती मग भरू लागते, अर्धी होते, पुरी होते. आणि पुन्हा सुकती लागते. मी ज्यास सरसकट ‘येणे’ म्हणत होतो, त्याच्या या माणसाजवळ इतक्या पायऱ्या होत्या, आणि त्यांतील पहिली, सर्वांत उपयोगाची पायरी मी त्याच्या मुलाच्या वहीतून खोडली होती.

‘भरती’ या शब्दाकडे मी तेव्हापासून निराळ्या नजरेने पाहतो. इंग्रजीत समुद्र वर उचलला जातो. मराठीत तो चढत नाही, उठत नाही, तो भरतो. हा शब्द पाण्याकडे पाहून केलेला दिसत नाही. पाणी ज्यात येते त्या खाडीकडे पाहून केलेला दिसतो. खाडी हे जणू भांडे. भांडे भरते आणि ओसरते. शाळा भरते, बाजार भरतो, त्याच चालीवर. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा भांडे काठोकाठ भरून वर सांडू पाहते, ते ‘उधाण’. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात पडते, पाणी थोडे भरते व थोडेच सुकते, तो ‘भांग’. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, कारण चंद्रही रोज तितक्याच उशिरा माथ्यावर येतो. भूगोलाच्या पुस्तकात ‘उधाणाची भरती’ व ‘भांगाची भरती’ हे शब्द आपण पाठ करतो, तेव्हा ते कोणा पंडिताने घडवले असावेत असे वाटते. ते किनाऱ्यावरून पुस्तकात गेले आहेत.

याविषयी एक जुने उदाहरण आहे. मोल्सवर्थ यांनी आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध केला व १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. कोकणात चालणारा शब्द आढळला, तर तो कोकणचा आहे अशी खूण करून त्यांनी तो कोशात घेतला. अशुद्ध म्हणून टाकून दिला नाही. दाते व कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’नेही (१९३२ ते १९३८) प्रांतोप्रांतीचे शब्द असेच गोळा केले. कोशकारांनी जे जपले त्यावर शिक्षकाने काट मारावी, हे काही बरे नव्हे. त्या मुलाची वही मी परत मागवली, ‘आली’ खोडून ‘लागली’ पुन्हा लिहिले आणि त्याला कापलेला अर्धा गुण दिला. त्याने वही घेतली, गुण पाहिला, व विचारले, ‘बाबांनी सांगितले का?’ मी ‘होय’ म्हणालो.

नियम कोठे मोडतो हे सांगावयाचे राहिले. लाट उठते, पण ती बसत नाही, ती फुटते. राग चढतो, तो उतरतो, ओसरतो, शमतो, किंवा गिळावा लागतो. दूध उतू जाते. त्यास परतीची वाटच नाही. आणि कर्ज? कर्ज डोक्यावर चढते, व्याजही चढते. परंतु भावासारखे किंवा तापासारखे ते आपोआप उतरलेले कोणी ऐकले आहे काय? मराठीत कर्ज फिटते, आणि फेडणाऱ्याने फेडले तरच फिटते.

अशी आणखी उदाहरणे घरोघर असणार. सुटीत विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांस दोन प्रश्न विचारावेत : वारा ‘पडतो’ त्याच्या आधी तो काय करतो, आणि रापण ओढताना जाळे पाण्यातून वर येते तेव्हा निरनिराळ्या वेळी कोणते शब्द तोंडी येतात? उत्तरे मालवणीत मिळाली तर मालवणीतच लिहून आणावीत. वहीवर नाव, इयत्ता आणि ज्यांनी शब्द सांगितला त्यांचे नाते लिहावे. तांबडी शाई या वह्यांना लागणार नाही.